लुटुपुटीचा बँड

"आई, तो बनावट बँड होता गं! त्यांना वाजवता कुठे येत होतं?" माझा कॉलेजात जाणारा लेक परवा बोलून गेला आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मला रागच आला. पोळ्या लाटताना मोबाइलवर 'मंकीज'ची गाणी लावायची, हा माझा रोजचा नेम. सगळे शब्द कळतात असं नाही (बी.ए. मराठी घेऊन केलंय!), पण हात कसे भराभर चालतात.

आमची ओळख 'श्रेक'मुळे झाली. मुलं लहान असताना २००१ चा हा सिनेमा घरात कितीदा तरी लागायचा. त्यातलं शेवटचं 'आय अ‍ॅम अ बिलिव्हर' ऐकून मूळ गाणं शोधलं, तर ते १९६६ चं, या अमेरिकी बँडचं निघालं! मिकी डोलेन्झ, डेव्ही जोन्स, पीटर टॉर्क आणि मायकेल नेस्मिथ, अशी ही चौकडी. टीव्ही मालिकेत बँडचं काम करायला १९६५ मध्ये जाहिरात देऊन निवडलेली. दोन वर्षं मालिका चालली. नुसती पळापळ, सोंगं आणि वेडेपणा! मिकी मुळात नट, ड्रम शिकला तो मालिकेसाठी. पहिल्या दोन अल्बममध्ये गायले हेच, वाद्यं मात्र बहुतेक दुसऱ्यांनी वाजवली. हे बाहेर फुटलं आणि 'बनावट' हा शिक्का बसला.

आता मला सांगा, आपल्या सिनेमात लताबाई गायच्या, नायिका ओठ हलवायची आणि आपण दोघींवरही जीव टाकायचो. नायिकेला कुणी खोटारडी म्हटलं का हो?

पण त्या पोरांना ते लागलं. १९६७ च्या सुरुवातीला दुसरा अल्बम त्यांना न विचारताच बाजारात आला, तेव्हा तर ठिणगीच पडली. यापुढे आम्हीच वाजवणार! सगळ्यात हट्टी नेस्मिथ. त्याच वर्षी मे महिन्यात 'हेडक्वार्टर्स' निघाला. अमेरिकेत आठवडाभर पहिल्या नंबरावर राहिला, मग बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'नं त्याला खाली ढकललं. माझा जीव मात्र त्याच्यावरच. आमच्या बचत गटातली बाई पहिल्यांदा स्वतः हिशेब लिहिते ना, खाडाखोड करत, तसा तो मला वाटतो.

खाडाखोडीवरून आठवलं. ते पांढरं व्हाइटनर शोधलं नेस्मिथच्या आईनं, बेट नेस्मिथ ग्रॅहमनं! टायपिंगच्या चुका झाकायला, घरच्या स्वयंपाकघरात. नवऱ्यापासून वेगळी, पदरात एक मूल. बाटल्या भरायला मायकेल आणि त्याचे मित्र. १९७९ मध्ये तिनं ती कंपनी पावणेपाच कोटी डॉलरला विकली. मुलाचा हट्ट कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

डेव्ही २०१२ मध्ये गेला, पीटर २०१९ मध्ये, मायकेल २०२१ मध्ये.

लेकाला मुद्दाम 'हेडक्वार्टर्स' ऐकवला. "ड्रम जरा चुकलाय गं," म्हणाला.

चुकला असेल. मिकीनं स्वतः वाजवलाय तो.