विश्लेषण : स्मार्टवॉचवरचे १६०० मीटर खरे किती?

अच्छाड-तलासरी परिसरात पोलिस भरतीचा सराव करताना मनगटावरच्या स्मार्टवॉचवर किती विसंबावे? शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण, तर १०० मीटर धाव आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५ गुण.

अंतर कसे मोजले जाते?
जीपीएस असलेले घड्याळ उपग्रहांच्या संकेतांवरून अंतर काढते. अनेक स्वस्त घड्याळांत जीपीएस नसते. ती हाताच्या हालचालीवरून पावले मोजतात आणि पावलाच्या अंदाजे लांबीने गुणतात. वेग वाढला की पाऊल लांब पडते आणि हिशेब चुकतो. ५ टक्के चूक म्हणजे १६०० मीटरमागे ८० मीटर. सेकंदाला ५ मीटर धावणाऱ्यासाठी हा १६ सेकंदांचा फरक आहे.

इतर प्रकारांचे काय?
हिरव्या प्रकाशाने रक्तप्रवाहातील बदल टिपून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल तर आकडा बिघडतो. १०० मीटरच्या धावेत तो मागेच राहतो. गोळा किती लांब पडला, हे घड्याळाला कळत नाही.

मग काय करावे?
टेपने १०० मीटर मोजून खुणा करा, त्यावरच धावा. घड्याळ स्टॉपवॉच म्हणून वापरा.