थंड हवेचा पाहुणा

आमच्या मेहुण्यांनी दार्जिलिंगहून एक ऑर्किड आणलं. नाव भारदस्त, ‘मास्डेव्हॅलिया’. उंची मात्र बोटभर. मूळ गाव अँडीज पर्वत, तिथल्या ढगांत वाढणारी जात. आणि मुक्काम आता आमच्याकडे इटियाडोहाला, जिथं मे महिन्यात धरणाच्या भिंतीवर पापड भाजून निघावा!

झाड मलूल झालं. ‘‘कुंडी बदला, चांगली मोठी घ्या,’’ सगळे म्हणाले. इथंच माझं भांडण आहे. आपल्याकडे पोर नापास झालं की शाळा बदलतात आणि झाड सुकलं की कुंडी! वर शेणखताचा आग्रह. अहो, हे झाड फांदीवरच्या शेवाळात वाढणारं. पाणी साठवायला त्याला गाठीसुद्धा नाहीत. त्याला मुठीएवढी कुंडी हवी, ताजं शेवाळ हवं आणि मुख्य म्हणजे गारवा. कुंडी बदलायचीच तर थंडीत. मी बदलली भर वैशाखात, तीही मोठी. शेवाळ आतून सुकेना. मुळं कुजली, पंधरा दिवसांत पानं गळली. सौ. रोज कुंडीला ओला पंचा गुंडाळायची. मला ताप आला तेव्हा एवढं केल्याचं आठवत नाही.

पण थंड हवेचं ते मोठं आणि आपलं ते रानटी, ही हौस जात नाही. मागच्या मोहाच्या झाडावर रास्ना आहे. तीही ऑर्किडच. तिला कुणी पाणी घातलं नाही, खत दिलं नाही; त्याच वैशाखात ती फुलली. मी कौतुकानं मेहुण्यांना फोन केला.

म्हणाले, ‘‘काढून कुंडीत लावा की!’’