निसर्गाचे ते निर्धोक?

‘जडीबुटी निसर्गाची, तिने काय अपाय होणार?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा, मूल होण्यासाठीच्या पुड्यांबद्दलचा सवाल वाचला. धोतरा, बिब्बा, गुंजही निसर्गाचीच. सरकारने ती विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई-१ मध्ये घातली आहेत. शिवाय पुडीत शिसेही असू शकते: २०१२ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने ६ गर्भवतींच्या रक्तात वाढलेले शिसे नोंदवले. त्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणी रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचते. म्हणजे दिवस जाण्याआधी घेतलेल्या पुडीचा हिशेब नंतरही चुकवावा लागतो.

आपल्या गोंदियात आणखी एक पेच आहे. इथे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण बरेच. त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध घेणाऱ्या स्त्रीने मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवे. वर कुणी दिलेली बिनलेबलची पुडी चालू असेल, तर तीही दाखवावी. लपवून घेतात, हीच खरी अडचण. (सासूबाईंनी आणलेली पुडी नाकारणे किती कठीण, हे पत्रलेखकांना कसे कळावे?)

वंध्यत्व बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी भिंती रंगतातच. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? ती स्वस्त, बिनदुखीची. पण पुडी मात्र बायकोलाच. गर्भधारणेआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावे, एवढे तरी पत्रलेखकांनी सांगायचे होते.

— एक निवृत्त परिचारिका, आमगाव (जि. गोंदिया)