परदेशी रुग्णांवरील लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया : उपचारानंतरच्या देखभालीचा प्रश्न

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत अर्थसंकल्प सादर करताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी खासगी क्षेत्राच्या सहभागातून वैद्यकीय पर्यटन आणि ‘हील इन इंडिया’ उपक्रमाला चालना देण्याची घोषणा केली. व्हिसाविषयक नियम अधिक सुलभ करण्याचे आश्वासनही त्यांनी दिले. या घोषणेचे रुग्णालय क्षेत्रातून स्वागत झाले. २०१९ मध्ये उपचारांसाठी भारतात आलेल्या परदेशी नागरिकांची संख्या सात लाखांच्या जवळ पोहोचली होती. कोविड महासाथीच्या २०२० या वर्षात ती दोन लाखांच्याही खाली घसरली. त्यानंतर ती हळूहळू सावरत गेली. त्यामुळे अधिकाधिक रुग्ण भारतात यावेत, हे धोरण समजण्यासारखे आहे. मात्र हे रुग्ण मायदेशी परतल्यावर त्यांच्याकडे कोण पाहणार, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने फारच कमी होते आणि लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या बाबतीत तर खरा प्रश्न तोच आहे.

परदेशी रुग्णांच्या दृष्टीने राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. सरिता विहार येथील इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाला २००५ मध्ये अमेरिकेतील जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या संस्थेची मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळवणारे ते देशातील पहिले रुग्णालय ठरले. २००९ मध्ये गुडगावमध्ये, म्हणजे आजच्या गुरुग्राममध्ये, मेदांता सुरू झाले. साकेत, वसंत कुंज आणि नोएडा येथेही मोठी खासगी रुग्णालये उभी राहिली. त्यांच्याभोवती एक वेगळीच वस्ती वाढली आहे. साकेतमधील रुग्णालयांसमोरच्या हौज राणी भागात औषधांच्या दुकानांवर आणि अतिथिगृहांवर अरबी व फारसी पाट्या दिसतात. लाजपत नगरात अफगाण रुग्णांसाठी दुभाषे, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या सहज उपलब्ध होतात. रुग्णाला विमानतळावरून आणण्यापासून रुग्णालयाचे देयक भरण्यापर्यंतची कामे करणारे मध्यस्थही येथेच भेटतात.

हृदयविकार, कर्करोग, यकृत प्रत्यारोपण अशा आजारांचे रुग्ण बहुधा नाइलाजाने परदेशाची वाट धरतात. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडे वेगळे आहे. ही शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असते. ती दुर्बिणीद्वारे होते आणि गुंतागुंत नसल्यास रुग्णाला काही दिवसांतच घरी पाठवले जाते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतातील खर्च बराच कमी असल्याने विमान तिकीट, मुक्काम, शस्त्रक्रिया आणि परतीचा प्रवास असे सर्व काही एका ठरावीक रकमेत बसवणे मध्यस्थांना सोपे जाते. ‘पॅकेज’ हा शब्द पर्यटन व्यवसायातून वैद्यकीय व्यवहारात आला तो असा. सहलीच्या पॅकेजला शेवटचा दिवस असतो. या उपचाराला तो नसतो.

हे समजून घेण्यासाठी गॅस्ट्रिक बँडचे उदाहरण पुरेसे आहे. या पद्धतीत जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा एक पट्टा बसवला जातो. त्यामुळे वरच्या बाजूस छोटी पिशवी तयार होते आणि थोड्याशा अन्नानेही पोट भरल्याची जाणीव होते. पट्ट्याला जोडलेली एक बारीक नळी पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या लहान कुपीपर्यंत आणलेली असते. या कुपीत सुईने सलाइन भरून किंवा काढून पट्टा घट्ट अथवा सैल करता येतो. दुर्बिणीद्वारे असा पट्टा बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९३ मध्ये बेल्जियममध्ये झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या पट्ट्याला मान्यता दिली. जठर कापावे लागत नाही आणि पट्टा पुन्हा काढता येतो, हे या पद्धतीचे मोठे आकर्षण होते.

पट्टा बसवणे ही मात्र केवळ सुरुवात असते. शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी पहिल्यांदा सलाइन भरले जाते आणि पहिल्या वर्षात हे समायोजन अनेक वेळा करावे लागते. पट्टा सैल राहिला तर वजन उतरत नाही. फार घट्ट झाला तर अन्न अडकते, उलट्या होतात, रात्री आम्ल घशाशी येते. काही वर्षांनंतर पट्टा सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे किंवा नळीतून गळती होणे असे प्रकारही घडतात. अशा वेळी तो सैल करण्यासाठी किंवा काढण्यासाठी अनुभवी शल्यविशारद हाताशी असावा लागतो. ज्या शहरात असा तज्ज्ञ नाही, तेथील रुग्णाने परदेशात जाऊन पट्टा बसवून घेणे म्हणजे ज्याचा मिस्त्री गावात नाही असे यंत्र घरी आणण्यासारखेच आहे. पट्ट्याचा वापर पुढे जगभर घटत गेला, त्यामागे दीर्घकालीन गुंतागुंत हे एक प्रमुख कारण होते.

आज त्याची जागा प्रामुख्याने स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीने घेतली आहे. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकला जातो. सलाइन भरण्याची कटकट राहत नाही, म्हणून परदेशी रुग्णासाठी ही पद्धत अधिक सोयीची मानली जाते. हा समज अर्धाच खरा आहे. जठर जेथे पिनांनी शिवले जाते तेथे गळती होण्याचा धोका असतो. ही गळती कधी दोन-तीन दिवसांत, तर कधी रुग्ण घरी गेल्यानंतर उघडकीस येते. स्थूल व्यक्तींमध्ये शस्त्रक्रियेनंतर पायातील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता अधिक असते आणि लांबचा विमानप्रवास त्यात भर घालतो. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दहा दिवस विमानप्रवास टाळावा, असा सल्ला अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र देते. अतिथिगृहातील वाढीव मुक्कामाचा खर्च रुग्णाच्या खिशातून जाणार असेल, तर या सल्ल्याचे किती पालन होत असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

प्रकृती पूर्ववत होण्याचा काळही वाटतो तितका सोपा नसतो. सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, त्यानंतर घोटलेले अन्न, मग मऊ अन्न आणि नंतर नेहमीचे जेवण असा क्रम पाळावा लागतो. पाणी घोटाघोटाने प्यावे लागते, जेवताना तर ते टाळावेच लागते. दररोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, अशी अपेक्षा असते. शाकाहारी रुग्णाला ती पूर्ण करताना डाळी, पनीर आणि प्रथिनांच्या भुकटीचा मेळ घालावा लागतो. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या पूरक मात्रा दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर घ्याव्या लागतात. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होऊन मेंदूवर परिणाम होऊ शकतो आणि हे वेळीच ओळखले नाही तर नुकसान कायमचे ठरते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, केस गळतात. स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळण्यास सांगितले जाते. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण वारंवार बदलावे लागते, कारण पूर्वीचीच मात्रा चालू राहिली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

मनाच्या पातळीवरील बदल याहून अवघड असतात. सण-समारंभात दोन घासांवर थांबणे, आग्रह नाकारणे, सैल पडलेल्या त्वचेसह आरशासमोर उभे राहणे, या गोष्टी रुग्णालयाच्या कागदपत्रांत कोठेच लिहिलेल्या नसतात.

उपचार नेमका केव्हा संपतो, हा प्रश्न किती वादग्रस्त होऊ शकतो याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण मुंबईतील आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील इमान अहमद यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात येत होते. डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या हस्तक्षेपानंतर त्यांना व्हिसा मिळाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये मालवाहू विमानाने त्यांना मुंबईत आणण्यात आले. सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने मार्चमध्ये त्यांच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. वजन मोठ्या प्रमाणावर घटल्याचे रुग्णालयाने जाहीर केले. एप्रिलमध्ये मात्र त्यांच्या बहिणीने या दाव्यांवर आक्षेप घेतला आणि डॉक्टरांनी तो फेटाळला. वजनविषयक उपचाराचा टप्पा पूर्ण झाला असून रुग्णाला आता मज्जासंस्थेशी संबंधित उपचारांची गरज आहे, अशी रुग्णालयाची भूमिका होती. बहीण अजून बरी झालेली नाही, असे कुटुंबाचे म्हणणे होते. मे महिन्यात इमान यांना अबू धाबीतील रुग्णालयात हलवण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. त्यांची प्रकृती मुळातच अत्यंत गुंतागुंतीची होती. त्यामुळे या घटनेवरून कोणा एकाला दोषी ठरवणे योग्य होणार नाही. तरीही शल्यविशारदाच्या दृष्टीने उपचार संपणे आणि कुटुंबाच्या दृष्टीने तो संपणे यांत किती अंतर असते, हे या प्रकरणाने साऱ्या जगासमोर आणले.

राजधानीतील एक उदाहरणही येथे बोलके ठरते. सप्टेंबर २०१४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर दिल्लीतील खासगी रुग्णालयात लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करण्यात आली. ते दीर्घकाळ मधुमेहाने त्रस्त होते. त्याच महिन्यात पुढील उपचारांसाठी त्यांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दाखल करण्यात आले आणि नंतर ते कामकाजात परतले. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी पुन्हा रुग्णालयात जावे लागणे, ही जगात कोठेही घडणारी बाब आहे. देशातील सर्वोत्तम सार्वजनिक रुग्णालय काही किलोमीटरवर असणे ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. लागोस किंवा बगदादला परतलेल्या रुग्णाला ही सोय नसते. तेथील डॉक्टरांना मूळ शस्त्रक्रिया कशी झाली हे ठाऊक नसते आणि अनेकदा दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घेण्यास ते राजीही नसतात.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये मेक्सिकोतील टिजुआना येथे शस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकी रुग्णांत औषधांना दाद न देणारा जिवाणू संसर्ग आढळल्याने रोग नियंत्रण केंद्राला जाहीर इशारा द्यावा लागला. यातील बहुतेकांनी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तुर्कस्तानातून परतणाऱ्या ब्रिटिश रुग्णांच्या गुंतागुंतीचा भार तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेवर पडत असल्याचा वादही अनेक वर्षे सुरू आहे.

भारतात या विषयाची नियामक बाजू विस्कळीत आहे. परदेशी नागरिकांसाठी एप्रिल २०१७ मध्ये ई-वैद्यकीय व्हिसाची सोय सुरू झाली तेव्हा त्याची मुदत ६० दिवस ठेवण्यात आली. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्या मात्र साधारणपणे तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी अपेक्षित असतात. प्रत्यक्ष येणे शक्य नसेल तर दूरध्वनी किंवा चित्रफितीद्वारे सल्ला घेता यावा, हा सरळ पर्याय वाटतो. परंतु मार्च २०२० मध्ये जारी झालेल्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत भारताच्या हद्दीबाहेरील सल्लामसलतीचा समावेशच करण्यात आला नाही. म्हणजे ज्या रुग्णाला अशा सल्ल्याची सर्वाधिक गरज, तोच या चौकटीबाहेर राहिला. त्यातच आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्र दिल्ली आणि तीन राज्यांच्या हद्दींत पसरलेले आहे. शस्त्रक्रिया गुरुग्राममध्ये, मुक्काम दिल्लीत आणि मध्यस्थाचे कार्यालय नोएडात असेल, तर तक्रार कोणाकडे करायची हे परक्या भाषेच्या रुग्णाने कसे ठरवावे? मध्यस्थांसाठी रुग्णालय मान्यता मंडळाची, म्हणजे एनएबीएचची, नोंदणी योजना आहे; पण ती ऐच्छिक आहे.

मराठी वाचकांनी हा प्रश्न परक्यांचा समजू नये. आखाती देशांत किंवा अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी माणसे तीन आठवड्यांच्या रजेवर येऊन पुण्या-मुंबईत उपचार उरकून घेतात. अशांच्या बाबतीत अंतर आणि वेळ यांचे गणित तेच असते. देशात राहणाऱ्यांसाठी एक बदल मात्र उपयुक्त ठरला आहे. विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये विम्यातून वगळण्याच्या बाबींचे प्रमाणीकरण केले तेव्हा डॉक्टरांचा सल्ला, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशा अटींवर लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेला विमासंरक्षण देण्याचा मार्ग मोकळा झाला. पूरक जीवनसत्त्वे आणि आहारतज्ज्ञाचे शुल्क यांचा खर्च तरीही बहुतांशी रुग्णालाच करावा लागतो.

२०२५ मध्ये टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन घटवणारी इंजेक्शने मौंजारो व वेगोवी या नावांनी भारतीय बाजारात आली. त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार करणारे काही रुग्ण प्रथम हा मार्ग चोखाळतील, असे मानले जाते. ही औषधे बंद केल्यावर वजन पुन्हा वाढू शकते, म्हणजे तेथेही देखरेख आलीच. अतिस्थूल रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचे महत्त्व त्यामुळे संपलेले नाही.

रुग्णालयांनी काही गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत. शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी मायदेशातील डॉक्टरचे नाव आणि संमती मागणे, वापरलेल्या पिनांपासून औषधांपर्यंतचा तपशील रुग्णाच्या भाषेत लिहून देणे आणि किमान वर्षभराच्या तपासण्यांचा खर्च पॅकेजमध्येच दाखवणे, यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. पॅकेजची रक्कम त्यामुळे वाढेल आणि काही रुग्ण स्वस्त पर्यायाकडे वळतील, ही भीती व्यवसायाला आहे. व्हिसा सुलभ करण्याच्या चर्चेत तपासणीसाठी परत येणाऱ्या रुग्णाला वेगळी सवलत द्यायची की नाही, हा मुद्दा केंद्र सरकारच्या अखत्यारीतील आहे.