सिस्टरच्या खोलीला कडी आहे का?

मैत्रिणींनो, २० ऑगस्ट २०२४ ही तारीख आपल्या भागातली कुठलीच आई विसरणार नाही. शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर झालेल्या अत्याचाराने संतापलेले लोक त्या दिवशी बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. तासन्तास लोकल बंद होत्या. अंबरनाथ, उल्हासनगरच्या घराघरांत दुसरा विषय नव्हता. त्या गदारोळात त्याच दिवशी दिल्लीत घडलेली एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून निसटली. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातल्या इतर कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सर्वोच्च न्यायालयाने एक राष्ट्रीय कृतिदल नेमलं. निमित्त होतं कोलकात्याच्या आर. जी. कर सरकारी रुग्णालयात ९ ऑगस्टला उघडकीला आलेल्या बलात्कार आणि खुनाचं.

ती निवासी डॉक्टर लांबलचक ड्युटी करून थकली होती. रात्री पाठ टेकायला धड जागा नव्हती, म्हणून ती सेमिनारच्या खोलीत जाऊन झोपली. तिथेच तिचा घात झाला. आरोपीला जानेवारी २०२५ मध्ये जन्मठेप झाली. पण शिक्षा झाली म्हणून प्रश्न संपतो का? तिला कडी लावता येईल अशी एक खोली असती तर? हा साधा, बायकी वाटणारा प्रश्नच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कारण तो नवा नाही. आपल्या मुंबईतच तो अर्ध्या शतकापूर्वी विचारला जायला हवा होता. २७ नोव्हेंबर १९७३. परळच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ती रक्ताच्या थारोळ्यात सापडली. आख्खी रात्र गेली मध्ये! हजारो माणसांची ये-जा असलेल्या रुग्णालयात एक सिस्टर ड्युटीवरून परत आली की नाही, हे बघणारं कुणी नव्हतं. गुन्हेगाराला खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचा खटला उभाच राहिला नाही. अरुणा मात्र त्याच रुग्णालयात, वॉर्ड नंबर चारलगतच्या खोलीत, ४२ वर्षं पडून होती. १८ मे २०१५ ला ती सुटली.

या कहाणीतला एक भाग फारसा सांगितला जात नाही. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हाला कामाच्या ठिकाणी सुरक्षितता द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पुढे महापालिकेने अरुणाला केईएममधून हलवायचा घाट घातला, तेव्हाही सिस्टर्सनी तो हाणून पाडला. बेचाळीस वर्षं, पिढ्यामागून पिढ्या, त्यांनी तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, अंगाला जखम होऊ दिली नाही. या सेवेचं सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात मनापासून कौतुक केलं. सहकाऱ्याला आधार देणं म्हणजे काय, हे या बायकांनी शिकवलं. पण आपण त्यांच्या त्यागाचे गोडवे गायलो आणि मूळ मागणी विसरलो. म्हणून तर २०२४ चा आदेश देताना न्यायालयाला पुन्हा अरुणाचं नाव घ्यावं लागलं.

कृतिदलापुढे न्यायालयाने ठेवलेली यादी वाचली की आपल्याला वाटेल, यात न्यायालयाने सांगण्यासारखं काय आहे? डॉक्टर आणि परिचारिकांसाठी स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या विश्रांतीच्या खोल्या, आवारात सगळीकडे पुरेसे दिवे, ये-जा करण्याच्या जागी कॅमेरे, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात वाहनाची सोय. घरात पाहुणी आली तरी आपण तिला आधी न्हाणीघर कुठे ते दाखवतो. इथे तर ती रोज बारा-बारा तास राबायला येते!

कायदे नाहीत असंही नाही बरं का. डॉक्टर किंवा सिस्टरवर हात उचलणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि केलेल्या नासधुशीच्या दुप्पट भरपाई, असा कायदा महाराष्ट्राने २०१० मध्येच केला. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे तक्रार समिती हवीच. तिची प्रमुख बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची हवी. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड. कृतिदलानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच मत दिलं की वेगळ्या केंद्रीय कायद्याची गरज नाही, आहेत ते कायदे पुरेसे आहेत. म्हणजे घोडं अडलंय ते अंमलबजावणीपाशी. नियमाच्या कागदाला खोलीची कडी नसते. ती कुणीतरी बसवावी लागते.

आणि ती कुणासाठी बसवायची, हा पुढचा प्रश्न. सरकारी दवाखान्यात आज कायम नोकरीवाल्या सिस्टरच्या शेजारी कंत्राटी सिस्टर काम करते. सफाईची मावशी ठेकेदाराकडून आलेली असते. सुरक्षारक्षकही ठेकेदाराचाच. त्रास झाला तर मावशी कुणाकडे जाणार? ठेकेदार म्हणतो रुग्णालयाला विचारा, रुग्णालय म्हणतं ठेकेदाराला विचारा. तक्रार केली तर पुढच्या महिन्यात काम राहील का, याची धास्ती वेगळीच.

सगळ्यात शेवटी उरते आपली आशाताई. २००५ पासून गावोगाव, वस्तीवस्तीत फिरणारी ही बाई सरकारदरबारी कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. करोनात दारोदार गेली, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरच्या आशांचा गौरव केला. पण मोबदला वाढवून मिळावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ आणि २०२३ मध्ये संप करावा लागला. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन ती दवाखान्यात येते, तेव्हा तिने टेकायचं कुठे? बाकावर, नाहीतर जिन्याखाली. तिच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवा: २०१३ च्या कायद्यात कायम, हंगामी, कंत्राटी, ठेकेदारामार्फत आलेली, एवढंच काय स्वयंसेवी काम करणारी बाईसुद्धा येते. जिथे समिती नाही तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते. हा कायदा ज्या विशाखा निकालातून (१९९७) आला, तो राजस्थानातल्या भंवरीदेवींमुळे. त्याही गावपातळीवर सरकारी योजनेत काम करणाऱ्या, आशाताईसारख्याच.

कुणी म्हणेल, हा त्यांचा प्रश्न, आपण काय करणार? पण विचार करा. आपली सून बाळंतपणाला जाते, सासूबाईंना मध्यरात्री दम लागतो, तेव्हा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय काय किंवा जवळचा पालिकेचा दवाखाना काय, दारात तीच उभी असते. महाशिवरात्रीला आपण शिवमंदिराच्या जत्रेत रांगेत उभ्या असतो, त्या दिवशीही तिची पाळी चुकत नाही. जी रात्रभर धास्तावून, न झोपता उभी आहे, तिच्या हातून सलाईनचा थेंब नीट मोजला जावा, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? तिची खोली हा आपल्या पेशंटच्या जिवाचाही प्रश्न आहे. आणि हो, तिच्या अंगावर ओरडत जाणारे नातेवाईकही आपल्याच घरचे असतात. त्यांना आवरणं हे कुठल्या कृतिदलाचं काम नव्हे, आपलंच.

आपल्या बचत गटांनी, महिला मंडळांनी हळदीकुंकवाबरोबर एवढं जरूर करावं. राज्यातल्या पालिकांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. तिथे चार जणींनी मिळून जावं आणि चारच प्रश्न विचारावेत. रात्रपाळीच्या बायकांना झोपायला खोली आहे का, आणि तिला आतून कडी आहे का? स्वच्छतागृहात दिवा आणि पाणी आहे का? तक्रार समितीतल्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? पाळी संपल्यावर कोण घरी पोहोचलं, याची नोंद कुणी ठेवतं का? उत्तरं लिहून घ्यावीत, आणि तीन महिन्यांनी पुन्हा जावं.

एका खोलीला, एका कडीला असा खर्च तो कितीसा येतो? अरुणाच्या सहकारिणींनी १९७३ मध्ये सुरक्षितता मागितली होती. त्या मागणीचं आजच्या सिस्टरला आणखी किती वर्षं वाट बघायला लावायचं, हे आता आपणच ठरवायचं आहे.