घाई नक्की कोणाला आहे?

‘फक्त ०९:५९ मिनिटं शिल्लक!’ कोर्स, कुर्ता, विमानाचं तिकीट, काहीही घ्यायला जा, लाल टायमर हजर. तो शून्यावर आल्यावर काय होतं? बऱ्याचदा काहीच नाही. पान रिफ्रेश करा, तो पुन्हा दहापासून धावू लागतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून सांगतो: असा टायमर लिहायला मोजक्या ओळी पुरतात आणि गोदामातल्या मालाशी त्याचा काडीचाही संबंध असावा लागत नाही.

‘वाचकाला कृती करायला लावतो तोच चांगला मजकूर,’ असं मार्केटिंगवाले म्हणतात. कृतीबद्दल माझं भांडण नाही. विचार करायची उसंतच हिरावून घेतात, त्याबद्दल आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: बाजारात हे पूर्वीपासून चालतं, ‘ताई, शेवटचा नग’ म्हणणारा फेरीवाला तरी वेगळं काय करतो? करतो ना. त्याची गाडी तुमच्यासमोर असते, खालचा गठ्ठा दिसतो. तुम्ही पाठ फिरवलीत की तोच हाक मारून भाव उतरवतो. तो खेळ दोघांनाही ठाऊक असतो. ॲपवर तुम्ही एकटे आणि पलीकडे ए/बी टेस्टिंग. काही लोकांना एक बटण दाखवायचं, काहींना दुसरं. ज्यावर जास्त क्लिक, ते ठेवायचं. या हिशेबात क्लिक मोजला जातो, नंतरची हळहळ नाही.

ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून असे १३ प्रकार नोंदवले. यादीत पहिलीच आहे खोटी घाई. विमा नको म्हणणाऱ्याला ‘मी असुरक्षितच राहीन’ असं म्हणायला लावून खजील करणं, हाही त्यातलाच एक प्रकार.

‘पण घाई केल्याशिवाय माणूस हलतच नाही,’ हा दुसरा बचाव. मग पल्स पोलिओ आठवा. १९९५ साली सुरू झालेल्या या मोहिमेने पुढे ‘दो बूंद जिंदगी की’ म्हणत देशभरातल्या आईबापांना रविवारी मुलांना घेऊन बूथवर यायला लावलं. तारीख त्यातही होती, पण ती खरी होती. त्या दिवशी बूथ खरोखर लागत. आणि ज्यांचा रविवार हुकला त्यांच्या दारात कर्मचारी डोस घेऊन येत. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. लोकांना हलवणारा मजकूर असाही असतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जो मजकूर वाचून रात्रभर झोपल्यावर सकाळीही ती गोष्ट घ्यावीशी वाटते, त्याने तुम्हाला पटवलं. रात्र उलटताच ज्याचा प्रभाव उतरतो, त्याने तुम्हाला फक्त ढकललं.

वाचकांनो, टायमर दिसला की पान बंद करा, उद्या उघडा. फसवलं गेलात तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, ‘टायमर लावा’ असं काम समोर आलं की एकच प्रश्न विचारा: हा आकडा डेटाबेसमधून कुठून येणार आहे? उत्तर ‘कुठूनच नाही’ असेल, तर तुमच्याकडून खोटं बोलणारं घड्याळ बनवून घेतलं जातंय. नाही म्हणा.