ज्यांची काळजी, त्यांची संमती

दिवाळीला बाहेरगावची मुले पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये परततात, तेव्हा आई-वडिलांसाठी कपड्यांबरोबर नाडी मोजणारे घड्याळ, पडल्याची सूचना देणारा सेन्सर किंवा हॉलमध्ये लावायचा कॅमेराही आणतात. त्यामागची काळजी खरी आहे. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांबरोबर वाढलेल्या या उपनगरात दिवसभर फक्त ज्येष्ठच घरी असलेले अनेक फ्लॅट आहेत. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते. पुढे ही संख्या वाढतच गेली. बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला वेळेत मदत मिळाली तर जीव वाचू शकतो, म्हणून ही उपकरणे आम्हाला हवीच आहेत. मात्र ज्यांच्या शरीराची नोंद होते, त्यांची संमती आणि त्या नोंदीवरचा त्यांचा ताबा हाच सुरक्षिततेचा पाया आहे, असे आम्ही मानतो.

‘जिवाचा प्रश्न असताना खासगीपणा कसला?’ असे विचारले जाते. पण आपल्यावर पाळत आहे असे वाटले, की माणूस घड्याळ काढून ठेवतो आणि टेबलावरचे घड्याळ कुणाचे पडणे ओळखत नाही. संमतीवाचून उपकरणाचा उपयोगच उरत नाही. शिवाय पडल्याचे कळायला कॅमेराच लागतो असे नाही. मनगटावरचा सेन्सर किंवा पलंगाजवळचे मदतीचे बटण बऱ्याच घरांना पुरते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. साठीनंतर तो संपत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे कंपन्यांना बजावले. घरगुती कारणासाठी व्यक्तीने वापरलेली माहिती मात्र या कायद्याबाहेर आहे. म्हणजे मुलाने वडिलांवर किती लक्ष ठेवावे, हे कुटुंबालाच ठरवावे लागेल. स्मृतिभ्रंशाची भीती असेल, तर हे बोलणे समज शाबूत असतानाच व्हायला हवे.

दुसरा आक्षेप असा, की पासवर्ड आणि अपडेट ज्येष्ठांना कसे जमणार? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच तो भार त्यांच्यावर न टाकता उत्पादकांनी उचलावा. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक सॉफ्टवेअरने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले, कारण त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिले होते. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी दूर करावी लागली. चाकण-भोसरीच्या कामगाराला हे तत्त्व नवे नाही: १९४८च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक कुंपण घालण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली, ‘सांभाळून काम कर’ एवढ्यावर भागवले नाही. आरोग्य-उपकरणांच्या उत्पादकांकडूनही आपण हेच मागितले पाहिजे.

तोवर या दिवाळीत एवढे करता येईल: उपकरण लावण्याआधी आई-वडिलांना विचारावे, माहिती कोणाकोणाला दिसेल ते सांगावे, पासवर्ड त्यांच्यासमोर बदलावा आणि ते बंद कसे करायचे हे त्यांनाच आधी शिकवावे.